माणूस टाकायचा नाही

सोमवार, ३ मार्च

पोचलो एकदाचे! ड्रॉइंग बोर्ड, शाईच्या बाटल्या, दोन बॅगा, अप्पांची काठी, अप्पांची करवत (ती बरोबर घेतल्याशिवाय ते गाडीत बसेचनात) आणि सगळ्यात शेवटी खुद्द अप्पा, असं आमचं बिऱ्हाड टेम्पोतून उतरलं. दारात मालकीणबाई किल्ल्या घेऊन उभ्या होत्या. घर पाहिलं आणि चार वर्षांचा शीण निदान चार मिनिटांपुरता तरी उतरला.

काय घर आहे! सत्तर वर्षांपूर्वी मालकीणबाईंच्या वडिलांनी बांधलं. ते स्वतः आर्किटेक्ट. एकच मजला, वर सपाट छप्पर, टोपीची कड पुढे यावी तसा लांब छज्जा. बागेकडची भिंत म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत नुसती काच. छताच्या लाकडी तुळया आतून निघतात आणि काचेवरून तशाच बाहेर जातात, त्यामुळे घर कुठे संपलं नि बाग कुठे सुरू झाली ते कळतच नाही. दाराला उंबरा नाही. आतली मोझॅकची लादी आणि बाहेरचा ओटा एकाच पातळीत. अप्पांनी जन्मभर सुतारकाम केलं. त्यांनी खांबावर बोट वाजवून पाहिलं आणि म्हणाले, लाकूड खरं आहे. त्यांच्या तोंडून एवढं कौतुक म्हणजे डोक्यावरून पाणी.

काम तीन आठवड्यांचं. या घराचे मूळ नकाशे ट्रेसिंग कागदावर शाईने काढलेले आहेत, आता हात लावला की कडेने तुटतात. बाईंना घर विकायचंय, त्याआधी नकाशांची नवी प्रत हवी आहे, तशीच, हाताने, शाईने. हल्ली असं काढणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यातलं एक बोट मी. राहायचं इथेच, आणि वडिलांनाही आणा असं त्या आपण होऊन म्हणाल्या. जाताना एकच अट घातली. जुन्या कागदांवर माणसांच्या आकृत्या दिसतील, त्या उतरवायच्या नाहीत. घर तेवढं काढायचं. माणूस टाकायचा नाही.

मला हसू आलं. नकाशात माणसाची आकृती काढण्याला आमच्या धंद्यात ‘माणूस टाकणं’च म्हणतात. नुसत्या रेघांवरून छत किती उंच ते कळत नाही, शेजारी माणूस उभा केला की झटकन कळतं. आमचे जुने साहेब कागदावर नजर पडताच विचारायचे, “माणूस टाकला का?” तीस वर्षांची सवय आहे हाताला. बरं, नाही टाकणार.

मंगळवार, ४ मार्च

दिवसभर टेप घेऊन वाकले, आता कंबर सरळ होत नाही. पण मापं घेता घेता या घराच्या प्रेमात पडले हे कबूल करायला हवं. इथे काहीच उगाच नाही. कपाटं, पुस्तकांचे खण, बाकडी, माझं कामाचं टेबल, सगळं भिंतीतच बसवलेलं. हलवता येईल अशी वस्तू शोधून सापडत नाही. छताच्या खाली काचेची एक अरुंद पट्टी घरभर फिरते, तिच्यातून ऊन येतं आणि छप्पर जणू हवेत टेकलंय असं वाटतं. ना व्हरांडे, ना अंधारे कोपरे. झाडायला किती सोपं, हा माझा पहिला विचार. वय झालं.

मधोमध बैठक आहे, ती तीन पायऱ्या खाली. जमिनीत चौकोनी खड्डा आणि मागच्या दगडी भिंतीला लागून लांब बाकडं. तिथे बसलं की डोळे बागेतल्या गवताच्या पातळीला येतात.

अप्पांची धास्ती होतीच. एक्याऐंशी वय, स्मरणशक्तीने केव्हाच राम म्हटलेला, आणि पायांत मात्र भिंगरी. दार उघडं दिसलं की हे चालू पडले. एकदा बसस्टॉपवर सापडले, एकदा परक्याच्या गाडीत मागच्या सीटवर, कामाला उशीर होतोय म्हणून ड्रायव्हरवर ओरडताना. म्हणून मी त्यांच्या काठीला घुंगरू बांधलंय. घुंगरू वाजलं की मी उठते. दिवसातून चाळीसदा तरी उठते. आणि इथे तर सगळी भिंतच दार आहे.

ताईचा फोन आला. ताई लांब राहते आणि लांबून फार छान काळजी घेते. म्हणाली, तू स्वतःकडे लक्ष दे हं. दिलं. आरशात दोन मिनिटं.

गुरुवार, ६ मार्च

आज छेद काढायला घेतला. घर सुरीने मधोमध कापलं तर आतलं जे दिसेल, ते चित्र म्हणजे छेद. मूळ कागदावर बैठकीचा खड्डा, दगडी भिंत, उजवीकडे काच आणि बाग, डावीकडे स्वयंपाकाचा ओटा, सगळं इतक्या नाजूक रेघांत की हात जोडावेत. आकृती एकच असावी, ओट्यापाशी. असावी म्हणते, कारण तिथे आता भोक आहे. कुणीतरी ब्लेडने शाई खरवडली आहे, आणि इतकी खरवडली आहे की कागद फाटला. बांगड्या घातलेलं एक मनगट तेवढं उरलंय.

माझं टेबल खड्ड्याच्या समोरच आहे. अप्पा सकाळपासून घुंगरू वाजवत फेऱ्या घालत होते. मी कागदाशी, मग अप्पांशी, मग कागदाशी. दुपारी खड्ड्याची उंची नीट दिसेना म्हणून हाताने आपोआप पेन्सिलने माणूस टाकला. बाकड्यावर समोर तोंड करून बसलेला, शेजारी काठी. लक्षात आलं तेव्हा जीभ चावली. पुसायचा राहून गेला, कारण तेवढ्यात मला चक्क डुलकी लागली.

जागी झाले ती दचकून, कारण घुंगरू वाजत नव्हतं. धावत जाऊन बघते तर अप्पा खाली बाकड्यावर. शांत. काठी शेजारी. दोन तास हलले नसावेत. चार वर्षांत मी दिवसा झोपले नव्हते.

शनिवार, ८ मार्च

हे लिहायला मला लाज वाटते, पण रोजनिशीत नाही लिहायचं तर कुठे.

परवा संध्याकाळी आकृती पुसली आणि मागे घुंगरू वाजलं. अप्पा उठून काचेकडे निघाले होते. योगायोग. आज सकाळी गंमत म्हणून पुन्हा काढली. माझी रेघ पुरी होईपर्यंत अप्पा तीन पायऱ्या उतरून बसलेले होते. पुसली, उठले. काढली, बसले. पाचदा केलं. पाचव्यांदा मी हसत होते आणि माझे हात थंड पडले होते.

मग मी पुन्हा काढली आणि आंघोळीला गेले. दार लावून, सावकाश, डोक्यावरून पाणी घेत.

सोमवार, १० मार्च

जमून गेलंय. जेवायच्या वेळी खोडरबर, कामाच्या वेळी पेन्सिल. त्यांना काही त्रास होत नाही, मी विचारलं. म्हणाले, इथे बरं आहे, पट्टी. (मी लहानपणी काडीसारखी होते, तेव्हापासून त्यांची फूटपट्टी.) किती दिवसांनी त्यांनी मला ओळखलं! मी ओट्याशी जाऊन रडून घेतलं.

ताईचा पुन्हा फोन. म्हणाली, एक चांगला वृद्धाश्रम पाहिलाय, तुझं हे किती दिवस चालणार. माझा एकदम भडका उडाला. म्हटलं, मी अप्पांना टाकणार नाही. ताई म्हणाली, मंगळवारी अठराला मी येते, समोरासमोर बोलू.

फोन ठेवला आणि समोर बोर्डावर अप्पांची आकृती होती. दोन्हीकडे एकच शब्द. मला ते फारसं आवडलं नाही.

गुरुवार, १३ मार्च

आज अप्पा मेले असते.

आकृतीवरून दिवसभर माझं मनगट घासत राहिलं, पेन्सिल फिकट होत गेली, आणि मी तुळयांच्या रेघांत बुडालेली. घुंगरू ऐकलं नाही. ऐकलं असेल, खोटं कशाला बोलू, ऐकलं आणि एक रेघ पुरी करून उठू म्हटलं. ब्रेकचा आवाज आला तेव्हा धावले. बागेत काम करणारा माळी अप्पांना धरून आणत होता. ट्रकवाला खाली उतरून शिव्या देत होता, आणि त्या सगळ्या माझ्यासाठी होत्या. अप्पांच्या गुडघ्यातून रक्त येत होतं आणि ते विचारत होते, बाई, तुम्ही कोण?

माळी म्हणाला, मॅडम, म्हाताऱ्या माणसाला असं मोकळं सोडू नये. तो बरोबरच बोलला, म्हणून जास्त झोंबलं.

गुडघा धुतला, पट्टी बांधली. मग बोर्डाशी बसले. मी इतकी दमले होते की राग कुणावर आहे तेही कळत नव्हतं. खोडरबर बाजूला ठेवला आणि पेन उघडलं.

शाईने काढलं. चांगलं काढलं, माझ्या हातून निघालेलं सगळ्यात चांगलं. पाठ थोडी वाकलेली, उजव्या हाताशी काठी, डावा हात शेजारच्या रिकाम्या जागेवर उपडा. मी शाळेतून दमून आले की अप्पा बाकड्यावर असाच हात थोपटायचे, बस जरा, म्हणायचे. चेहरा कोरा ठेवला. एवढ्याशा डोक्यात चेहरा कोणी काढत नाही. खाली सावलीही दिली. आमच्या धंद्यात ऊन कायम वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतं, पंचेचाळीस अंशांत.

माणूस टाकला. अप्पा बसले. मी झोपते.

शुक्रवार, १४ मार्च

अकरा तास झोपले. उठले तर अप्पा तसेच बसलेले. चहा नेला, नको म्हणाले. जेवण, नको. बाथरूमलाही नको. भूक नाही, तहान नाही, गुडघाही दुखत नाही म्हणे. असं बिनतक्रारीचं म्हातारपण कुणाला मिळतं?

दुपारी एक गोष्ट दिसली. छताच्या पट्टीतून येणारं ऊन लादीवरून सरकत होतं, खांबांच्या सावल्या फिरत होत्या. अप्पांची सावली फिरत नव्हती. सकाळी उजवीकडे, दुपारी उजवीकडे. संध्याकाळी ऊन उजवीकडून आलं तरी सावली उजवीकडेच, उन्हाच्या तोंडावर.

गुण्या लावून सावलीचा कोन पाहिला. पंचेचाळीस.

शनिवार, १५ मार्च

त्यांना उठवायला गेले. म्हटलं अप्पा, चला, बागेत फिरू. काखेत हात घालून ओढलं. भिंतीतलं कपाट ओढावं तसं. कपडे सुद्धा हातात येत नाहीत, सुरकुतीत बोट शिरत नाही.

काठी हलवली. हलत नाही. घुंगरू टिचकीने वाजवून पाहिलं. आवाज नाही. चित्रात मी घुंगरू काढलंच नव्हतं. एवढं बारीक कोण काढतं.

आणि त्यांचा चेहरा — उजव्या भुवईवर जुना व्रण होता, रंधा लागलेला. तो नाही. भुवईही आता — मला वाटतं उजेड फार आहे या घरात. कुठे तरी एक अंधारा कोपरा हवा होता.

मी वळून निघाले तेव्हा ते बोलले. ओठ जेमतेम हलले. “पट्टी, मला टाकलंस का गं?”

नाही म्हणाले. नाही अप्पा, नाही, नाही. दहादा म्हणाले असेन. मग त्यांनी काही विचारलं नाही.

रविवार, १६ मार्च

तोंड गेलं. डोळे काल संध्याकाळपर्यंत होते.

ब्लेड हातात घेतलं. ट्रेसिंग कागदावरची शाई ब्लेडच्या टोकाने हलकी हलकी खरवडून काढता येते, पोटापाण्यासाठी हजारदा केलंय. कडेला टेकवलं आणि ओट्यापाशी असलेलं ते भोक आठवलं.

मालकीणबाईंना फोन केला. सगळं सांगितलं. वेडी म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, पेन्सिल की शाई?

शाई म्हटल्यावर म्हणाल्या, त्यांच्या आईला बाहेर फिरायची फार हौस होती. वडिलांना ते खपत नसे. घर पुरं झालं, नकाशा पुरा झाला, आणि आई ओट्यापाशी राहिली. शेजारपाजारी म्हणायचे, किती घरात रमल्या. बाई सोळा वर्षांच्या झाल्या तेव्हा त्यांनी वडिलांच्या ड्रॉवरमधलं ब्लेड घेतलं. आईला सोडवायचं होतं.

पुढे काय झालं ते मी विचारलं.

म्हणाल्या, दुखत होतं तिला. तोंड नव्हतं म्हणून मला कळलं नाही. मनगटापर्यंत आल्यावर कळलं.

मग म्हणाल्या, मी तुम्हाला सांगितलं होतं.

सांगितलं होतं.

सोमवार, १७ मार्च

माळी काचेपाशी आला. वडील घरी गेले का, विचारलं. मी खड्ड्याकडे बोट दाखवलं. तो काचेला नाक लावून बघत राहिला. म्हणाला, कुठे? बाकडं रिकामं आहे की.

मी बाहेर गेले. त्याच्या शेजारी उभी राहिले. बागेतून, बाजूने पाहिलं —

रेघ. उभी एक रेघ. माझ्या ०.३ च्या पेनची.

आत पळत आले. समोरून अप्पा आहेत. टेबलापासून पाहिलं तर आहेत. पाठ थोडी वाकलेली, हात बाकड्यावर. दोन पावलं बाजूला गेलं की बारीक होतात, आणखी दोन पावलं की —

मी समोरून हललेच नाही दिवसभर. नजर काढली तर काय, कोण जाणे. हात धरायचा म्हटलं तरी धरता येत नाही. माझ्या बोटांखाली कागदासारखं लागतं.

पण ऐकतात. मला वाटतं ऐकतात. मी बोलते तेव्हा — नाही. हलत काहीच नाही. मलाच वाटतं.

मंगळवार, १८ मार्च

ताई चार वाजता येईल. काय दाखवू? बघ, टाकले नाहीत म्हणून? ती बागेकडूनच येईल.

घर विकलं जाईल. अप्पा इथेच. तोंड नाही, डोळे नाहीत, आणि एकटे. सगळं ऐकत एकटे. वृद्धाश्रमात निदान शेजारी कुणी खोकलं तरी असतं.

रात्रभर विचार केला, दुसरं काही नाही.

मंगळवार, दुपारी

बोर्ड घेऊन खाली आले. त्यांच्या शेजारी बसले आहे, डाव्या हाताला. बाकडं मला बरोबर येतं. उंची, पाठ, सगळं. किती विचार करून बांधलंय घर.

ताई, वही तुला सापडेल म्हणून लिहिते. कागद बोर्डावर आहे. ब्लेड लावू नकोस. खाडाखोड नको. उन्हात, ओलीत ठेवू नकोस. नेलास तर गुंडाळून ने, सैल गुंडाळ. घडी घालू नकोस. घडी अजिबात घालू नकोस गं.

आणि कधीतरी उघडून बघ. समोरून.

शाईने माझे पाय काढले. खरंच हलत नाहीत. भीती वाटली, मग गेली. चार वर्षं उठत होते, आता उठायचं नाही.

कंबर. दुखायची थांबली —

डावा हात अप्पांच्या हाताखाली. नीट बसला. आता हाताला कागद लागत नाही, हात लागतो. गरम आहे.

डोकं त्यांच्या खांद्यावर टेकवलंय. माझा चेहराही कोरा ठेवते, दोघं सारखी —

फाटक वाजलं. ताई असेल. घाई करायला —

नीट दिसत नाही. राहिलंय किती? खांदा झाला. कोपर झालं. आता उजवा हा